मुन्शी घाटाचा कारभारी

काशीस दशाश्वमेध घाटापाशी नावेत बसून प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे दक्षिणेकडे निघाले की शीतला घाटानंतर अहिल्याबाईंचा घाट लागतो आणि त्याला अगदी खेटून मुन्शी घाट. त्याच्याही पलीकडे दरभंगा घाट. पाण्यातून एकदम वर चढत गेलेली दगडी भिंत, तिच्या कोपऱ्यांना बुरुजांचा घाट दिलेला, वर उंच खांबांची दर्शनी बाजू, आणि हे सारे चुनारच्या वालुकाश्मात. एकोणिसाव्या शतकात काशीस आलेल्या परदेशी लेखकांना आणि चित्रकारांना या घाटाचा देखणेपणा विशेष भावला होता. यात्रेकरू मात्र येथे फारसा थांबत नाही. त्याची लगबग दशाश्वमेधाकडे नाहीतर मणिकर्णिकेकडे चाललेली असते.

काशीच्या घाटांना देवांची नावे आहेत, ऋषींची आहेत, राजेरजवाड्यांची आहेत. या घाटाला एका खात्याच्या अधिकाऱ्याचे नाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात अर्थव्यवहार पाहणाऱ्या श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो इ. स. १८१२ च्या सुमारास बांधविला. मुन्शी हा मुळात हुद्दा. दरबाराचा फार्सी पत्रव्यवहार सांभाळणारा, लिहिण्यावाचण्यात मुरलेला, ज्याच्या हातून राज्याची गुपिते आणि पैशांचे आकडे दोन्ही जातात असा हा माणूस. हुद्द्याचेच पुढे आडनाव झाले आणि आडनावाचा घाट झाला. श्रीधर या नावाची आठवण आता काशीच्या नावाड्यालाही असेल असे वाटत नाही.

आज उद्योगधंद्याच्या नेतृत्वाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. दूरदृष्टी, निर्णयशक्ती, माणसे हाताळण्याचे कसब, अशी गुणांची मालिका सांगितली जाते आणि ती खोटी असते असेही नाही. परंतु आपल्याकडे या साऱ्या गुणांना मिळून एक जुना शब्द होता, तो म्हणजे कारभारी. ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे, दुसऱ्याची माणसे आहेत, आणि ज्याला त्या दोहोंचा जाब द्यावयाचा आहे, तो कारभारी. घराचा कर्ता पुरुषही कारभारी आणि राज्याचा दिवाणही कारभारी. या शब्दाची कसोटी कशावर लागते हे पाहावयाचे असेल, तर मुन्शी घाट आणि त्याच्या शेजारचा अहिल्याबाईंचा घाट या दोन घाटांइतकी सोयीची जागा मला दुसरी ठाऊक नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की घाट बांधणे हे पुण्यकर्म असले तरी ते सर्वार्थाने एक उद्योगच होते. मालक पुण्यास, नागपुरास किंवा महेश्वरास. काम काशीत. पत्र पोचावयास आठवड्यांमागून आठवडे लागणार. वाटेत नवाबाचा मुलूख, इंग्रजांचा मुलूख, चोरांचा मुलूख. रोकड पाठविणे धोक्याचे, म्हणून हुंडी. आणि हुंडी म्हटली की दोन्ही टोकांना पत असलेली पेढी हवी. दगड गंगेच्या वरच्या अंगाला चुनारच्या खाणींतून काढून नावांत घालून आणावयाचा. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या तर सोडाच, कित्येक पुरुष उंचीच्या भिंती पाण्याखाली जातात. म्हणजे कामाचे दिवस काय ते पूर ओसरल्यापासून पुढल्या पावसापर्यंतचे. पायाचा दगड बसवावयाचा तो तर पाणी अगदी उतरलेले असताना, उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत. ते आठवडे पैसे वेळेवर न आल्याने चुकले तर संपूर्ण वर्ष चुकले. गवंडी, पाथरवट, नावाडी, चुन्याच्या भट्ट्या चालविणारे, जागेच्या मालकीवरून तंटा करणारे शेजारी, आणि दक्षिणेची वाट पाहणारे क्षेत्रोपाध्याय, या सर्वांना धरून राहणारा एक माणूस जागेवर असावा लागे. तो चांगला निघाला तर घाट उभा राहिला. नाहीतर हुंड्या वटत राहिल्या आणि पायऱ्या कागदावरच चढत गेल्या.

मराठ्यांनी हा उद्योग जवळजवळ शंभर वर्षे केला. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी काशीच्या इतिहासात आजची काशी ही बव्हंशी मराठ्यांनी घडविलेली आहे असा निर्वाळाच दिला आहे. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेस गेल्या. त्याच वर्षीच्या, पेशव्यांचे काशीतील हस्तक सदाशिव नाईक जोशी यांच्या पत्रव्यवहारात घाटांच्या कामांची हकिकत येते. नारायण दीक्षित पाटणकरांसारखे, पेशवे घराण्याला पूज्य असलेले विद्वान काशीत राहावयास गेले आणि ब्रह्मा घाट व दुर्गा घाट यांच्या बांधणीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. या पत्रांतली भक्ती आपण सहज ओळखतो. त्यांतला व्यवहार मात्र आपल्या नजरेतून सुटतो. काम किती झाले, खर्च किती पडला, पुढे किती लागेल, कोण आडवा येतो आहे, याचे वृत्त ज्याने कळवावयाचे आणि ज्याने ते वाचून शेकडो कोसांवरून निर्णय द्यावयाचा, त्या दोघांमध्ये विश्वासाचा एक धागा असे. देखरेख अशक्य असताना विश्वास टाकावयाचा, आणि विश्वास टाकूनही हिशेब मागावयाचा, हे कसब सोपे नव्हे.

हे कसब असूनही कामे फसत. नाना फडणिसांएवढा हिशेबी पुरुष मराठेशाहीत दुसरा दाखविता यावयाचा नाही. काशीच्या पूर्वेस कर्मनाशा नावाची नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर पदरचे पुण्य नाहीसे होते अशी समजूत. काशीहून गयेस जाणाऱ्या यात्रेकरूंची ही अडचण दूर करावी म्हणून नानांनी तिच्यावर दगडी पूल बांधावयास घेतला. पैसा होता, इच्छा होती, वर देखरेख करणारे होते. परंतु तळाची वाळू पाया धरू देईना, आणि काम अर्धवट सोडावे लागले. पुढे काशीचे राजा पटनीमल यांनी पैसा घातला, जेम्स प्रिन्सेप याच्या योजनेप्रमाणे काम झाले, आणि १८३१ च्या सुमारास पूल पुरा झाला. प्रिन्सेप हा काशीच्या टांकसाळीत नेमलेला अधिकारी. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून तो जगाला माहीत झाला. पटनीमलांचे मोठेपण मला पैशापेक्षा यात वाटते, की आपल्यापूर्वी कोणाचे काम येथे फसले आहे हे ठाऊक असूनही त्यांनी ते उचलले आणि वाळूची विद्या जाणणाऱ्या माणसाच्या हाती दिले. याच काळात, १८३० च्या आसपास, बायजाबाई शिंद्यांनी मणिकर्णिकेच्या शेजारी एक भव्य घाट बांधविला. तो इतका जड झाला की स्वतःच्या वजनानेच खचला. शिंदे घाट आज उभा दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला.

या पार्श्वभूमीवर श्रीधर मुन्शी यांचे काम पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते. त्यांचा घाट खचला नाही. दोनशेहून अधिक पावसाळ्यांचे पूर त्याने अंगावर घेतले आहेत. ज्याने तो बांधविला त्याला दगडाची, चुन्याची आणि माणसाची पारख होती, किंवा निदान ती पारख ज्याला आहे असा माणूस निवडण्याची बुद्धी होती, एवढे तर त्या भिंतीवरूनच म्हणता येते. मग त्याच्या कारभारीपणाबद्दल आणखी विचारावयाचे काय उरते? उरते ते हे, की तो ज्या काळात आणि ज्या धन्याच्या पदरी अर्थव्यवहार पाहत होता, तो काळ आणि तो धनी.

दुसरे रघूजी भोसले १८०३ साली दौलतराव शिंद्यांच्या जोडीने इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची, डिसेंबराच्या मध्यास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला. कटक प्रांत गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग एका वर्षात नाहीसा झाला; मागे उरला तो डामडौल, ते सैन्य आणि ते खर्च. कोणत्याही पेढीच्या आयुष्यात असा दिवस येतो. धंद्याचा निम्मा आधार तुटतो, देणी तेवढीच राहतात, आणि आता काय करावयाचे हे ठरविण्याची पाळी मालकावर येते. नेतृत्वाचे जे काही गुण असतील ते त्या दिवशी दिसतात.

रघूजींनी काय केले हे मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. गेलेले उत्पन्न उरलेल्या मुलखातून भरून काढावयाचे, असे त्यांनी ठरविले. शेतसारा चढत गेला. सैन्याचे पगार थकत गेले. राजा स्वतःच सावकारीत आणि दुकानदारीत उतरला. लोकांनी त्यांना ‘मोठा बनिया’ असे टोपणनाव दिले. हे टोपणनाव मला बनियावर अन्याय करणारे वाटते. खरा वाणी गिऱ्हाईक बुडवीत नाही. उद्या ते पुन्हा दुकानाची पायरी चढले पाहिजे ही त्याची पहिली काळजी असते. रघूजींच्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नव्हते. ज्याच्याकडून कर घ्यावयाचा, ज्याला पगार द्यावयाचा आणि ज्याला कर्ज द्यावयाचे, तो माणूस एकच, आणि समोर बसलेला अधिकारीही एकच. अशा ठिकाणी बाजार राहत नाही. तिजोरी मात्र भरते. तिजोरी भरली, पण १८११ साली पेंढाऱ्यांनी थेट नागपूरपर्यंत येऊन शहराची एक पेठ जाळली, तेव्हा त्यांना अडवावयास ती तिजोरी उपयोगी पडली नाही.

मराठी राज्याला याहून चांगला धडा अगोदरच घालून दिलेला होता, म्हणून हे अधिक खटकते. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्या अंगी शेत करण्याची ताकद आहे पण बैल नाहीत, बियाणे नाही, त्याला ते द्यावे; त्याची वाढीदिढी न घेता मुद्दल तेवढे, त्याला शक्ती येईल तसतसे, हळूहळू परत घ्यावे; आणि सरकारात जमा झालेला माल भाव पाहून, योग्य हंगामात विकावा, असा त्या पत्राचा आशय आहे. भांडवल कोणाला द्यावे, किती सवलतीने द्यावे, माल केव्हा बाजारात आणावा, हे सारे त्यात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांना राज्याची शोभा म्हटले आहे. अडचणीच्या वेळी पैसा उभा राहतो तो त्यांच्यामुळे, म्हणून त्यांना सांभाळावे असा उपदेश आहे. राजाने त्यांचे दुकान आपण चालवावे असे त्यात कोठेही नाही. ही परंपरा नागपूरच्या दरबाराला परकी नव्हती. जवळ असलेला पैसा रयतेच्या हाती देऊन वाढवावयाचा की रयतेच्या हातून काढून साठवावयाचा, असे दोन रस्ते समोर होते, आणि दुसरा धरला गेला.

ज्या वर्षांत हे चालले होते त्याच वर्षांत त्या दरबाराच्या अर्थमंत्र्याचा घाट काशीत उठत होता. यावरून श्रीधर मुन्शी यांच्या प्रामाणिकपणावर शिंतोडा उडविण्याचा माझा हेतू नाही; तसे करणे अन्यायाचे होईल. त्या काळी वेतन, इनाम, नजराणा, तहाच्या वेळची बक्षिसी हे सारे अधिकाऱ्याच्या पदरी रीतसरच पडत असे आणि त्यातून त्याने धर्मकृत्य केले तर लोक त्याला धन्य म्हणत. दोष असेल तर तो या रीतीचाच. अधिकाऱ्याचे स्वतःचे कोठे संपते आणि राज्याचे कोठे सुरू होते, याची रेघ त्या फडात कोणी ठळक ओढलेली नव्हती. राजाच बाजारात बसला तर त्याच्या कारभाऱ्याने ती कोठे ओढावी?

ही रेघ जिने ओढली होती तिचा घाट भिंतीला भिंत लावून शेजारी उभा आहे.

होळकरांच्या दौलतीत दोन हिशेब फार पूर्वीपासून वेगळे होते. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल खासगी म्हणून लावून दिले. तेव्हापासून राज्याचे उत्पन्न ते दौलतीचे, आणि हे उत्पन्न ते खासगीचे, असे दोन प्रवाह झाले. गौतमाबाईंमागून खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर, हरिद्वार, जेथे जेथे त्यांचे देऊळ, घाट, विहीर किंवा अन्नछत्र आहे, तेथे तेथे पैसा या खासगीतून गेला. राज्याच्या तिजोरीला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही आणि फौजेच्या खर्चासाठी खासगीला हात लावू दिला नाही. खासगीच्या धनावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले होते, अशी आख्यायिका सर्वांनी ऐकलेली आहे. फौज घेऊन मोहिमेवर असलेल्या तुकोजी होळकरांकडून पैशाची मागणी वारंवार येई आणि त्यावरून उभयतांत कुरबूर चाले. त्या कुरबुरीत तुकोजींची बाजू अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. उपाशी फौज घेऊन उत्तरेत पडलेल्या सरदाराला तुळशीपत्राची महती पटवून देणे कठीण. परंतु दोन हिशेब एकदा एकमेकांत मिसळले की त्यांपैकी एकही शिल्लक राहत नाही, हे बाईंना उमगलेले होते.

अहिल्याबाईंच्या भक्तीची वर्णने आपल्याकडे इतकी झाली आहेत की त्यांच्या कारभाराचे कौतुक त्यांत झाकून गेले आहे. सर जॉन माल्कम याने त्यांच्या निधनानंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आत माळव्यात हिंडून, ज्यांनी त्यांना पाहिले होते अशा लोकांकडून माहिती गोळा केली आणि ती १८२३ साली छापली. परक्या आणि जिंकणाऱ्या माणसाची ही साक्ष आहे, म्हणून तिला वजन आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे, की त्यांचे अधिकारी त्यांनी वारंवार बदलले नाहीत. गोविंदपंत गानू हे त्यांच्या राजवटीचा बराच मोठा काळ दिवाण राहिले. इंदूरचे कमाविसदार खंडेराव हे वीस वर्षांहून अधिक काळ त्या जागी होते. आजूबाजूच्या दरबारांत कमाविशी म्हणजे वर्षा-दोन वर्षांचा मक्ता असे आणि मक्तेदार पहिल्या दिवसापासून आपली रक्कम वसूल करण्याच्या मागे लागे. वीस वर्षे जागेवर राहणार असलेला माणूस विहिरी खणवितो. दोन वर्षे राहणारा विहिरीवरचा कर वाढवितो. बाईंच्या राज्यात खेडी वसली आणि इंदूर वाढले याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

माल्कमने सांगितलेली आणखी एक हकिकत या विषयाच्या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. खरगोण येथे दोघे धनाढ्य सावकार बंधू निपुत्रिक वारले. प्रचलित रीतीप्रमाणे अशी मालमत्ता सरकारात जमा करावयास कोणाची हरकत नसे. त्यांच्या विधवांनी ती आपण होऊन अहिल्याबाईंना देऊ केली. बाईंनी ती घेतली नाही; हा पैसा तुम्हीच लोकोपयोगी कामाला लावा असे सुचविले. त्यांनी कुंदा नदीवर घाट बांधला आणि गणपतीचे देऊळ उभारले. नागपूरच्या दरबाराला एवढी मालमत्ता चालून आली असती तर तिचे काय झाले असते याचा अंदाज प्रत्येकाने आपल्यापुरता करावा. बाईंच्या नकारामागे वैराग्य होते हे खरेच. पण मला त्यात व्यवहारही दिसतो. ज्या मुलखात मेलेल्या सावकाराचा पैसा सरकार गिळीत नाही, त्या मुलखात जिवंत सावकार पेढी घालावयास येतो. महेश्वरास बाईंनी विणकर आणून वसविले आणि तेथली वस्त्रे आजही त्या गावाच्या नावाने विकली जातात, ही गोष्टही याच धोरणाची.

शिवाय घाट बांधून त्या थांबल्या नाहीत. पायऱ्यांवर पूर ओसरताना दरवर्षी गाळाचा जाड थर बसतो; तो वेळीच उपसला नाही तर उन्हाने कडक होतो. दिवाबत्ती, पुजारी, अन्नछत्राचा शिधा, डागडुजी, यांची तरतूद दरसाल लागते. अहिल्याबाईंनी दूरदूरच्या देवस्थानांना उत्पन्न लावून दिले आणि जागोजाग माणसे नेमली. दक्षिणेतल्या देवळांना गंगेचे पाणी नियमाने पोचविण्याची व्यवस्था त्यांनी केली होती, हे माल्कमने आवर्जून लिहिले आहे. काशीपासून दक्षिणेपर्यंत कावडी वर्षानुवर्षे चुकल्याशिवाय जात राहणे, यात टप्पे आले, मजुरी आली, वाटेतल्या मुलखांशी सलोखा आला. एखाद्या मोठ्या वाहतूक मंडळीला शोभेल असे हे काम आहे. ते करविणाऱ्या बाईंनी महेश्वराच्या आपल्या साध्या वाड्यात बसून ते केले.

अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी वारल्या. रघूजी २२ मार्च १८१६ रोजी वारले. रघूजींमागून त्यांच्या घरी काय झाले ते सर्वश्रुत आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, नंतर जेनकिन्स या रेसिडेंटाच्या हाती राज्याचा कारभार गेला, आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. त्यानंतर भोसल्यांच्या वाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल कंपनी सरकारने लिलावात काढले. रयतेकडून गोळा करून साठविलेल्या द्रव्याचा जो भाग उरला होता तो अशा रीतीने हातोड्याच्या ठोक्यांवर गेला.

मुन्शी घाटही विकला गेला, पण सावकाश. १९१५ साली दरभंग्याचे महाराज रामेश्वरसिंह यांनी तो विकत घेतला व वाढविला. महाराज हे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेतील एक प्रमुख आधारस्तंभ. त्यांच्या हातात ही वास्तू पडली यात वावगे काही झाले नाही. परंतु मुन्शींनी तिच्यामागे तिला सांभाळील अशी व्यवस्था उभी केलेली नव्हती, म्हणून ती एका धनवंताकडून दुसऱ्याकडे गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो वाडा पुन्हा विकला गेला आणि आता तेथे एक आलिशान हॉटेल आहे. ज्या खोल्यांतून मुन्शींनी गंगा पाहावयाची योजना केली त्या आता रात्रीच्या हिशेबाने भाड्याने मिळतात.

खासगी आणि दौलत यांतला भेद राजेरजवाड्यांपुरता होता असे कोणी समजू नये. पुढच्या काळात मराठी माणूस कारखानदारीत शिरला तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न नव्या वेषात आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने सुरुवात केली आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन नासते असे शेतकरी म्हणत असताना तो नांगर त्यांच्या गळी उतरविण्याची त्यांची चिकाटी, बंधू रामूअण्णा आणि शंभोअण्णा जांभेकर यांसारखे सहकारी मिळविण्याची त्यांची हातोटी, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने १९२० सालच्या एका घटनेकडे दुर्लक्ष होते. त्या वर्षी घरचा कारखाना मर्यादित कंपनी झाला. घरच्या माणसांनी घामाने वाढविलेल्या धंद्याची वही उघडून ती भागीदारांपुढे ठेवावयाची, आपल्या नावाचा कारखाना आणि आपले घर यांत कायद्याची भिंत घालून घ्यावयाची, याला नवे यंत्र आणण्याहून मोठे धैर्य लागते. ज्या मराठी कारखान्यांच्या मालकांना ते झाले नाही, त्यांतले कितीतरी दुसऱ्या पिढीत वाटणीच्या दाव्यांत संपले.

अशी भिंत एकदा घातली म्हणजे झाले, असेही नाही. होळकर संस्थान १९४८ साली विलीन झाले. खासगीच्या देवळांची, घाटांची आणि धर्मशाळांची व्यवस्था पाहण्यासाठी १९६२ साली इंदुरास अहिल्याबाईंच्या नावाचा न्यास स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरील मालमत्तेची विक्री झाल्यावरून तक्रारी उठल्या, त्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून दिल्लीपर्यंत गेल्या. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की खासगी हे नाव असले तरी हा न्यास सार्वजनिक आहे, त्याची रीतसर नोंदणी झाली पाहिजे, आणि पूर्वी झालेल्या विक्रीव्यवहारांत न्यासाचे नुकसान झाले की काय याची तपासणी निबंधकाने करावी. गौतमाबाईंच्या नावे महाल लावून दिल्यास तेव्हा दोनशे अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती.